गोदेच्या हत्तीला इतिहासात जागा का नाही?

१/ गेली अनेक वर्षे एक छायाचित्र दर काही महिन्यांनी आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचते. जमिनीत अर्धवट रुतलेला अजस्र मानवी सांगाडा, त्याच्या कवटीपाशी मुंगीएवढी दिसणारी माणसे आणि खाली मजकूर : ‘घटोत्कचाचा सांगाडा सापडला, सरकारने दडवला.’ हा थ्रेड त्या छायाचित्रापासून सुरू होतो. पण तो आहे खरोखर सापडलेल्या हाडांविषयी. ती महाराष्ट्रात सापडली, छापील अहवालांत नोंदली गेली आणि कोणीही दडवली नाहीत. आपणच त्यांच्याकडे पाहिले नाही.

२/ आधी छायाचित्राचा निकाल लावू. ते २००२ साली ‘वर्थ१०००’ या संकेतस्थळावरील चित्रफेरफाराच्या स्पर्धेसाठी तयार केले गेले. त्यासाठी वापरलेले मूळ छायाचित्र २००० साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या सहभागाने झालेल्या उत्खननाचे आहे. स्पर्धकाने त्यावर मानवी सांगाडा बसवला. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने २००७ साली हा सारा प्रकार उलगडून सांगितला. तरीही घटोत्कच फिरतोच आहे.

३/ आता यातील विपर्यास पाहा. हाइड पार्कच्या त्या खड्ड्यात शास्त्रज्ञ खोदत होते मास्टोडॉनचा सांगाडा. म्हणजे हत्तीच्या एका नामशेष नातलगाचा. एका खऱ्या महाकाय प्राण्याला झाकून त्यावर खोटा महाकाय माणूस रंगवला गेला आणि आपण तो पुढे ढकलत राहिलो. गोदावरीच्या वाळूत त्याचे दूरचे नातलग असलेले हत्ती पडलेले असताना आपल्याला अमेरिकेतील एका खड्ड्याचे छायाचित्र उसने घ्यावे लागले.

४/ माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट मांडतो. महाराष्ट्राच्या नद्यांच्या जुन्या गाळात दडलेली महाकाय प्राण्यांची हाडे ही या प्रदेशाच्या इतिहासाची सर्वांत जुनी साधने आहेत. ‘हे आमचे क्षेत्र नाही’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांनी ती सोडून दिली. त्या मोकळ्या जागेत एका बाजूने घटोत्कच शिरला आणि दुसऱ्या बाजूने वाळूचा डंपर. दोष केवळ या दोघांचा नाही.

५/ पहिला आक्षेप नेहमीचा : ‘महाराष्ट्र तर काळ्या दगडाचा; लाव्हारसात कसले जीवाश्म?’ राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टने व्यापलेला आहे आणि तो खडक जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे खरेच. परंतु त्या खडकावर नद्यांनी नंतर पसरलेला गाळ पुष्कळ तरुण आहे. गोदावरी, प्रवरा, मांजरा, भीमा, घोड यांच्या काठच्या उंच दरडी म्हणजे गेल्या काही लाख वर्षांची एकावर एक रचलेली पाने आहेत.

६/ हाडे टिकतात कशी, हेही समजून घेण्याजोगे आहे. पुराच्या लोंढ्यात प्राण्याचे कलेवर वाहत येते, नदीच्या वळणावर गोट्यांच्या आणि वाळूच्या थरात अडकते, त्यावर गाळ साचतो. बेसॉल्ट झिजताना त्यातला चुना पाण्यात उतरतो; तो चुना गोटे, वाळू आणि हाडे यांना सिमेंटसारखे एकमेकांना बांधून टाकतो. म्हणून दख्खनमधील जीवाश्म बहुधा घट्ट जमलेल्या गोट्यांच्या थरात भेटतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी. थ्रेडच्या शेवटी तिची गरज पडणार आहे.

७/ या संशोधनाचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे वाइन यांना पैठणसमोर, गोदावरीच्या दुसऱ्या काठावरील मुंगी या गावाजवळ, प्राण्यांचे जीवाश्म असलेल्या थरात अकीक दगडाचे एक छिलके सापडले. छिलके म्हणजे माणसाने मूळ दगडावर आघात करून काढलेली धारदार कपची. सर्वेक्षणाचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ साली त्यावर टिपण प्रसिद्ध केले. नामशेष प्राणी आणि माणसाच्या हातची वस्तू एकाच थरात असणे, ही त्या काळी युरोपातही नुकतीच मान्य होऊ लागलेली कल्पना होती.

८/ मुंगी-पैठण हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. सातवाहनांची राजधानी पैठण. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा पैठणची. त्याच घाटासमोरच्या गाळात माणसाने घडवलेला दगड आणि नामशेष जनावरांची हाडे एकत्र मिळाल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. पैठणवर लिहिल्या गेलेल्या लोकप्रिय पुस्तकांत, व्याख्यानांत, सहलींच्या माहितीपत्रकांत ही नोंद किती ठिकाणी आढळते, ते ज्याने त्याने स्वतःच पडताळून पाहावे.

९/ दुसरे ठिकाण नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर. आज ते पक्षी अभयारण्य म्हणून ओळखले जाते आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. या परिसरातील गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीच्या जीवाश्मांविषयी गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिले. पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या पायाखाली कोण होते, याची कथा तेव्हापासून छापून पडलेली आहे.

१०/ हा हत्ती म्हणजे पॅलिओलोक्सोडॉन नामादिकस. यातील ‘नामादिकस’ हा शब्द टॉलेमीने नर्मदेला दिलेल्या ‘नामादुस’ या नावावरून आला. फॉकनर आणि कॉटली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथल्या जीवाश्मांवरून हे नामकरण केले. कपाळावर आडवा, पुढे आलेला हाडाचा जाड कंगोरा, लांब आणि बऱ्याच अंशी सरळ सुळे, आजच्या आशियाई हत्तीपेक्षा बरेच मोठे शरीर, अशी याची ठेवण होती.

११/ हा हत्ती ५ मीटरहून उंच आणि २२ टन वजनाचा होता, असे तुम्ही वाचले असेल. हा आकडा मांडीच्या एका अपूर्ण हाडाच्या जुन्या वर्णनावरून काढलेला अंदाज आहे. एका तुटक्या हाडावर एवढा डोलारा उभारणे धोक्याचे, हे तज्ज्ञही जाणतात. हत्ती प्रचंड होता हे सिद्ध आहे. तो जगातला सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी होता हे तसे सिद्ध नाही. घटोत्कचाला नाकारणाऱ्याने आपल्या हत्तीलाही उगाच फुगवू नये.

१२/ यापुढची कथा पुण्याची आहे. १९३९ साली डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले आणि ह. धी. सांकलिया यांनी येरवड्याच्या त्या आवारातून दख्खनच्या नद्या पायाखाली घातल्या. १९५४ ते १९५६ या काळात त्यांनी प्रवरेकाठच्या नेवाशाचे उत्खनन केले. तिथल्या जुन्या थरांतून दगडी हत्यारे आणि रानबैलाचे जीवाश्म पुढे आले. त्याच नेवाशाजवळ चिरकी येथे गुडरून कॉर्व्हिनस यांनी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात हातकुऱ्हाडींचे फार मोठे स्थळ उकलले. गो. ला. बादाम यांचा भारतातील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील ग्रंथ १९७९ साली आला.

१३/ ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी भगवद्गीतेवरील भाष्य सांगितले, असे आपण अभिमानाने म्हणतो, ते हेच नेवासे. तिथल्या पैस खांबापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. पण मराठी भाषेच्या पहिल्या महान ग्रंथाच्या जागेपासून काही अंतरावर, त्याच नदीच्या दरडीत, माणसाच्या हस्तकौशल्याचे त्याहून शेकडो पटींनी जुने पुरावे आहेत, हे सांगितल्याने ज्ञानदेव लहान होत नाहीत. गावाचा इतिहास तेवढा खोल होतो.

१४/ आणखी एक पुरावा, ज्यावर प्रथम कोणाचा विश्वास बसत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी उत्खनन केले. तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली, त्या कवचांचे मणी मिळाले, आणि एका तुकड्यावर माणसाने कोरलेली जाळीदार नक्षी मिळाली. वय सुमारे २५,००० वर्षे. खानदेशात शहामृग पळत होते आणि त्यांच्या अंड्यावर कोणी तरी रेषा ओढत होते. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास आपण अजिंठ्यापासून सुरू करतो. पाटणे अजिंठ्याच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे.

१५/ या सगळ्याची एक यादी करू. दोन मोठ्या सोंडवाल्या जाती, पॅलिओलोक्सोडॉन आणि स्टेगोडॉन. सहा कृंतक दातांचा पाणघोडा, हेक्साप्रोटोडॉन. रानघोडा, इक्वस नामादिकस. प्रचंड शिंगांचा रानबैल, बॉस नामादिकस. शिवाय शहामृग. लातूर जिल्ह्यातील मांजरेच्या खोऱ्याने या यादीत मोठी भर घातली आहे. ज्या लातूरला काही वर्षांपूर्वी रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, त्या मुलखात एकेकाळी पाणघोडे डुंबत होते. पाणघोड्याला बारमाही पाणी लागते, एवढे सांगितले तरी पुरे.

१६/ मग हे सारे गेले कुठे? इथे तीन तयार उत्तरे आपल्या तोंडावर फेकली जातात : ज्वालामुखीने मारले, हवामानाने मारले, माणसाने मारले. प्रत्येक उत्तराचा एक उत्साही पंथ आहे. तिन्ही बाहेरून आलेली आहेत आणि तिन्ही इथल्या गाळात उतरवून तपासावी लागतात. तीच तपासणी आता करू.

१७/ ज्वालामुखी म्हणजे सुमात्रातील टोबा. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी त्याचा महास्फोट झाला आणि राख भारतभर पडली. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, कुकडी नदीच्या काठी अशा राखेचा थर आहे. या थराच्या वयावरून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांपासून परदेशी प्रयोगशाळांपर्यंत दीर्घ वाद झाला; कोणी तो लाखो वर्षे जुना ठरवला, कोणी तो टोबाच्या शेवटच्या स्फोटाचा ठरवला. पण आपल्या प्रश्नापुरते एवढे निश्चित आहे की वर दिलेल्या यादीतील प्राणी ७४,००० वर्षांपूर्वी एका झटक्यात संपले नाहीत. ते त्यानंतरही हजारो वर्षे नांदताना दिसतात. टोबावर खटला चालत नाही.

१८/ हवामान अधिक गंभीर आरोपी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुगाचा कडाका शिगेला पोहोचला, तेव्हा आपल्याकडे बर्फ पडला नाही. मोसमी पाऊस दुबळा झाला. पाणघोड्यासारख्या प्राण्याला याचा फटका बसणे स्वाभाविक आहे. भारतातील पाणघोड्याची आजवर ज्ञात असलेली सर्वांत अलीकडची नोंद सुमारे १६,००० वर्षांपूर्वीची आहे. तरी एक अडचण उरते. अशी कोरडी पर्वे त्याआधीही अनेकदा येऊन गेली होती आणि हेच प्राणी त्यांतून तरले होते. मग शेवटच्याच वेळी काय निराळे घडले?

१९/ तिसरा आरोपी माणूस. पॉल मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६७ पासून ‘अतिशिकारी’चा सिद्धान्त जोरकसपणे मांडला : माणूस नव्या खंडात पाऊल ठेवतो आणि महाकाय प्राणी झपाट्याने संपतात. उत्तर अमेरिकेत मोठ्या सस्तन प्राण्यांचे ७० टक्क्यांहून अधिक वंश नष्ट झाले. ऑस्ट्रेलियात हे प्रमाण त्याहूनही मोठे. तिथे हा सिद्धान्त पुष्कळांना पटतो. आपल्याकडील माहितीपट आणि यूट्यूब वाहिन्या तोच जसाच्या तसा मराठीत ओततात, जणू गोदावरी ही मिसिसिपीची शाखा आहे.

२०/ गोदावरीचे उत्तर वेगळे आहे. अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली भारतीय उपखंडाच्या या नोंदी एकत्र तपासल्या. निष्कर्ष असा की इथला ऱ्हास सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्याची व्याप्ती अमेरिकेच्या तुलनेत फारच थोडी, आफ्रिकेसारखी होती. दोन सोंडवाले, पाणघोडा आणि रानघोडा एवढ्या मोठ्या सस्तन जाती पूर्णतः गेल्या. शहामृग इथून नाहीसा झाला. आशियाई हत्ती, गेंडा, गवा, रानम्हैस, वाघ, सिंह मात्र उरले.

२१/ असे का झाले, याचे त्यांचे स्पष्टीकरण इतिहासाच्या विद्यार्थ्याने मन लावून वाचावे असे आहे. अमेरिकेतील प्राण्यांसमोर माणूस अकस्मात, पूर्ण तयारीनिशी आला. इथे तसे झाले नाही. दक्षिण भारतात हातकुऱ्हाडी घडवणाऱ्यांचे पुरावे सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. इथला हत्ती लाखो वर्षे माणसाच्या पूर्वजांना ओळखत होता आणि त्यांच्यापासून सावध राहायला शिकला होता. दीर्घ सहवास हे इथल्या प्राण्यांच्या टिकावाचे एक मोठे कारण मानले जाते.

२२/ थांबा. ‘आमचे पूर्वज निसर्गाशी एकरूप होते’ असे वाक्य ज्यांच्या ओठांवर आले असेल, त्यांनी ते गिळावे. सहवास म्हणजे सौहार्द नव्हे. वाघ आणि चितळ यांचाही सहवास असतो. ऱ्हासाची सुरुवात आधुनिक मानव इथे स्थिरावल्यानंतरच होते आणि त्यात सर्वांत अजस्र देहांचे प्राणी प्रामुख्याने बळी पडतात, हेही त्याच नोंदी सांगतात. पूर्वजांना ऋषी ठरवणे आणि त्यांना कसाई ठरवणे, दोन्ही पुराव्याविना केलेले आळशी निवाडे आहेत.

२३/ शिकारीचा थेट पुरावा मिळवणे किती कठीण आहे, तेही सांगतो. नदीच्या गोट्यांत हाड आणि हत्यार शेजारी सापडले, म्हणजे त्या माणसाने तो प्राणी मारला असे होत नाही. पुराने दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली असू शकतात. काश्मीरमधील पांपोर येथे प्राचीन हत्तीच्या अवशेषांबरोबर ८७ दगडी हत्यारे मिळाली आणि हाडे मगजासाठी फोडल्याच्या खुणाही दिसल्या. तरीही तो हत्ती माणसांनी मारला होता की मेलेला सापडला होता, हे त्यावरून ठरत नाही.

२४/ आणि पुरावा दिसत नाही म्हणून माणूस निर्दोष, असेही नाही. हत्तीण सुमारे २२ महिने गाभण असते आणि दोन पिल्लांमध्ये साधारण चार-पाच वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याला संपवण्यासाठी कत्तल लागत नाही. दर काही वर्षांनी कळपातील एखाद-दुसरा जीव अधिक गेला, वर पाऊस कमी झाला, पाणवठ्यावर माणसाने ठाण मांडले, की काही शतकांत हिशेब पुरा होतो. कोणत्याही एका पिढीला आपण काही संपवत आहोत, याची जाणीवही होत नाही.

२५/ यादीतील एका प्राण्याचे मात्र निराळे झाले. बॉस नामादिकस हा रानबैल रानातून संपला, पण त्याचा वंश संपला नाही. सिंधू खोऱ्याच्या परिसरात सुमारे ८,००० वर्षांपूर्वी तो माणसाळला आणि त्यापासून आपली वशिंडाची गुरे आली. लातूरच्या मांजराकाठी रानबैलाची नातलग हाडे गाळात आहेत आणि लातूरच्याच बाजारात देवणी बैल उभा आहे. पोळ्याला आपण ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, तो त्या हरवलेल्या महाकाय जगातून आपल्यापर्यंत चालत आलेला वंशज आहे. जीवाश्मांचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांसाठी एवढे उत्तर पुरे व्हावे.

२६/ उरलेल्यांचे पुढे काय झाले? प्रवरेकाठीच, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली चार ब्राँझ शिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, आणि तो गेंडा प्रवरेकाठी चरत होता की शिल्पकाराने तो इतरत्र पाहिला होता, हे शिल्पावरून ठरत नाही. पण गुजरातेत लांघणज येथे, आज जिथे गेंड्याची कल्पनाही करवत नाही, तिथे सांकलियांच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले आणि माणसाने ते ऐरणीसारखे वापरले होते. गेंड्याचे जग आजच्या नकाशाहून खूप मोठे होते, यात शंका नाही.

२७/ म्हणजे जे हिमयुगातून तरले, टोबातून तरले, लाखो वर्षे माणसासमोर टिकले, ते आपल्या लिखित इतिहासाच्या काळात मागे हटत गेले. शेती, रस्ते, लष्करातील हत्ती, राजांच्या शिकारी, धरणे या सगळ्यांचा तो परिणाम आहे. २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, २०२१ साली छत्तीसगडमधून गडचिरोलीत आले, तेव्हा बातम्यांत ते ‘घुसखोर’ ठरले. भाताची आणि केळीची नासाडी झालेल्या शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण हत्ती या मातीला परका आहे, हे विधान नांदूर मधमेश्वरच्या गाळासमोर टिकत नाही.

२८/ आता दुसरा आणि माझ्या मते खरा आक्षेप. ‘हे भूशास्त्र आहे, इतिहास नव्हे. इतिहासाला कागद लागतो.’ पुण्यात हे वाक्य फार आदराने उच्चारले जाते. ज्या शहरात पेशवे दफ्तराचे रुमाल जपून ठेवले आहेत, जिथे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढून बावीसपर्यंत नेली, त्या शहराला साधनांचे मोल शिकवण्याची गरज नसावी. राजवाडे गावोगाव फिरले, कारण वाळवीने कागद खाण्याआधी तो वाचवायचा होता. आमची पिढी त्यांचे गोडवे गाते आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याहून जुने दप्तर ट्रकमध्ये भरले जाते.

२९/ सहाव्या पोस्टमधील ती गोष्ट आठवा : जीवाश्म वाळूच्या आणि गोट्यांच्या थरात असतात. बांधकामाला हवी असते नेमकी तीच वाळू आणि तेच गोटे. जेसीबीच्या एका दिवसाच्या कामात जेवढा थर जातो, तेवढा साचायला नदीला हजारो वर्षे लागलेली असू शकतात. वाळूउपशावर आपण बोलतो तेव्हा भूजल, पूल, महसूल आणि माफियांवर बोलतो. ते सर्व आवश्यकच आहे. पण त्या वाळूबरोबर पुरावाही जातो, आणि तो एकदा काँक्रीटमध्ये मिसळला की जगातील कोणतीही प्रयोगशाळा त्याला परत आणू शकत नाही.

३०/ कायदा काय म्हणतो? १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे लपवलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याची रचना वास्तू, लेणी, शिलालेख आणि मानवी अवशेषस्थळे डोळ्यांसमोर ठेवून झाली. हत्तीने आपली हाडे कोणापासून लपवलेली नसतात आणि पाणघोडा शिलालेख लिहीत नाही. त्यामुळे दोन्ही कायद्यांच्या चौकटीत त्यांना सोयीची जागा नाही. भूवारसा स्थळांसाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यावर आपल्याकडील किती इतिहास मंडळांनी हरकती-सूचना पाठवल्या, असे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

३१/ म्हणून मागण्या नेमक्या मांडतो. एक, गोदावरी, प्रवरा, मांजरा, भीमा आणि घोड यांच्या काठची ज्ञात जीवाश्मस्थळे गावनिहाय यादीत घालून ती वाळूघाटांच्या लिलावातून वगळावीत. दोन, वाळूच्या परवान्यात अशी अट असावी की हाड किंवा दात दिसताच त्या जागी काम थांबेल आणि तहसीलदारामार्फत तज्ज्ञांना कळवले जाईल. तीन, मुंगी, नांदूर मधमेश्वर, नेवासे, बोरी, पाटणे येथे निदान एकेक मराठी फलक लागावा. यांपैकी एकाही गोष्टीला कोटींचा निधी लागत नाही.

३२/ चौथी मागणी माझ्याच विद्याशाखेकडे. महाराष्ट्राच्या इतिहासाचे पहिले प्रकरण ‘भौगोलिक पार्श्वभूमी’ या दोन पानी शीर्षकाखाली उरकून सातवाहनांकडे धाव घेणे आता पुरे झाले. नाणेघाटचा लेख वाचायला शिकवतो, तशी नदीची दरड वाचायलाही शिकवावी. इतिहास आणि पुरातत्त्व यांच्या विभागांमध्ये या शहरात जेमतेम मुळा-मुठेच्या पुलाचे अंतर आहे. विद्यार्थ्यांना तो पूल ओलांडायला लावणे ही अशक्य कोटीतील गोष्ट नाही.

३३/ आणि वाचकांसाठी. नदीकाठी दगडासारखे जड, पण आतून हाडाची जाळी दिसणारे काही आढळले, तर ते उपटू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. हाड कोणत्या थरात होते, ही माहिती हाडाइतकीच मोलाची असते. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्या, जागा नोंदवा, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला, राज्य पुरातत्त्व खात्याला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. आणि पुढच्या वेळी घटोत्कच मोबाइलवर आला, की ज्याने पाठवला त्याला उत्तर म्हणून मुंगी गावाचे नाव पाठवा. (समाप्त)